वाहण्यासाठी रिकाम्या झालेल्या पेशी

माणसाच्या शरीरातल्या पेशींची शिरगणती केली, तर दहातल्या आठांहून अधिक पेशींत केंद्रक सापडणार नाही. शाळेत पेशीची आकृती काढताना मधोमध ठळक गोळा काढून त्याला ‘केंद्रक’ असं नाव द्यायची इतकी सवय असते, की आकडा छापताना चुकला असं वाटावं. आकडा बरोबर आहे. या केंद्रक नसलेल्या पेशींत बहुतेक सगळा भरणा रक्तातल्या तांबड्या पेशींचा. प्रौढ माणसात त्या सुमारे 25 लाख कोटी असतात. वजनात फार भरत नाहीत, पण संख्येत बाकी सगळ्यांना मागे टाकतात.

आता सागाचा ओंडका आडवा कापल्यावर त्याचं तोंड जरा जवळून बघा. टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं वर्तुळात ओळीने मांडलेली दिसतात, त्यासाठी भिंगही लागत नाही. प्रत्येक छिद्र म्हणजे पेशीवर पेशी रचून झालेल्या एका उभ्या नळीचं तोंड. झाड उभं होतं, पानं हिरवीगार होती, तेव्हाही या नळीच्या पेशी मेलेल्याच होत्या. मेल्या होत्या म्हणूनच त्यांच्यातून पाणी चढत होतं.

पेशी एखाद्या कामात तरबेज होताना काय कमावते, ते पुस्तकांत नीट दिलेलं असतं: स्नायूची पेशी आकुंचन पावते, चेतापेशी संदेश पोचवते, पानातली पेशी हरितद्रव्य बाळगते. वाहतुकीच्या पेशींबद्दल मात्र आधी विचारावं, की त्यांनी काय टाकलं. जलवाहिनीची पेशी जीवच टाकते. रसवाहिनीची पेशी केंद्रक टाकते, पण जिवंत राहते. तांबडी पेशी केंद्रकाबरोबर श्वसनाची यंत्रणाही टाकते. तिघींनी टाकलं वेगवेगळं, कारण तिघींचं ओझं वेगवेगळं.

मुळात वाहतुकीची गरजच का पडते? कारण विसरण, म्हणजे रेणूंनी आपापलं पसरत जाणं, जवळच्या अंतरावर झकास चालतं आणि लांबच्या अंतरावर साफ निकामी ठरतं. लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ग्लुकोजसारख्या रेणूला पाण्यातून 50 मायक्रोमीटर, म्हणजे एका बऱ्यापैकी मोठ्या पेशीची रुंदी, पार करायला अडीचेक सेकंद लागतात. त्याच हिशेबाने 1 मीटर जायला सुमारे 32 वर्षं लागतील. अमीबाचं त्यात काही बिघडत नाही. नारळाच्या झाडाचं आणि आपलं बिघडतं. शेंड्यावर तयार झालेली साखर मुळाला आणि फुफ्फुसात आलेला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्याला हवा असेल, तर द्रवाला वाहतं करावंच लागतं, आणि वाहायला नळी लागते.

नळी तयार होताना बघायची सोय करून दिली ती झिनियाने. आपल्याकडे पावसाळ्यात दारोदारी फुलणारं हे झाड. जपानच्या फुकुदा आणि कोमामिने या दोन शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये झिनियाच्या कोवळ्या पानांतल्या हिरव्या पेशी एकेकट्या सुट्या केल्या आणि दोन वनस्पती-संप्रेरकं घातलेल्या द्रावणात ठेवल्या. तीन-चार दिवसांत त्यातल्या बऱ्याच पेशी जलवाहिनीच्या पेशी बनल्या. झाडात लाकडाच्या आत दडून घडणारी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली उघड्यावर आली.

घडतं ते असं. आधी पेशीच्या भित्तीवर आतून जाड पट्ट्या चढतात. कुठे कडी घातल्यासारख्या, कुठे मळसूत्री, कुठे जाळीदार. त्यांत लिग्निन भरलं जातं, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारं कठीण द्रव्य. हे काम जिवंत पेशीच करू शकते, त्यामुळे मरण पुढे ढकललेलं असतं. या काळात पेशीच्या मोठ्या रिक्तिकेत पाचक विकरं साठत जातात. भिंत पक्की झाली की रिक्तिका फुटते. विकरं पेशीभर पसरतात आणि मोजक्या मिनिटांत केंद्रकातला डीएनएसुद्धा नाहीसा होतो. मग उरलेला ऐवज विरघळतो. झाडात अशा पेशी एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांच्यामधल्या आडव्या भिंतीही विरतात आणि सलग नळी तयार होते. आत्महत्या हा शब्द इथे मला पटत नाही. घर बांधून, रंग देऊन, किल्ली दाराला लावून मालकाने निघून जावं, तसा हा प्रकार आहे.

पण इतकं टोकाचं कशाला? जिवंत राहून पाणी वाहता आलं नसतं का? याचं उत्तर पाणी वर कसं चढतं यात आहे, आणि ते सापडायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांना मोजमापाचा जबर नाद होता. कुंडीतलं सूर्यफूल दिवसभर तोलत राहून पानांतून किती पाणी उडतं, हे त्यांनी काढलं. द्राक्षवेल छाटल्यावर काडीच्या तोंडातून पाणी ठिबकतं, हे आपल्याकडच्या बागायतदारांनाही नवं नाही. हेल्स यांनी त्या तोंडाला काचेची नळी जोडली आणि मुळाकडून येणारा दाब मोजला. 1727 साली हे सगळं पुस्तकरूपाने आलं. त्यांच्या ध्यानात आलं, की मुळाचा दाब असतो, पण तो नेहमी नसतो. भर उन्हात, पानांतून पाणी सर्वांत जास्त उडत असताना, तो दिसतच नाही. म्हणजे खेच वरून हवी.

जर्मनीत एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी 1890 च्या सुमारास आणखी धीट प्रयोग केले. वीसेक मीटर उंचीची झाडं बुंध्याशी कापून त्यांनी विषारी द्रावणांत उभी केली. विष वर चढत गेलं, वाटेतल्या जिवंत पेशी मरत गेल्या, तरी द्रव चढायचा थांबला नाही. शेवटी पानं मेली तेव्हा चढाव थांबला. खोडात कुठे जिवंत पंप असता, तर विषाने तो आधीच बंद पडायला हवा होता.

पुढे 1894–95 मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी आज मान्य असलेला खुलासा मांडला. पानातल्या पेशींच्या भिंती ओल्या असतात. त्यांतलं पाणी पर्णरंध्रांतून बाहेर उडतं, तसा भिंतींच्या अतिसूक्ष्म छिद्रांतला पाण्याचा पृष्ठभाग आत ओढला जातो आणि मागचं पाणी खेचतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे खेच पानापासून मुळापर्यंत पोचते. नळीतलं पाणी दाबाखाली नसून ताणाखाली असतं. हवेच्या दाबाच्या जोरावर पाणी फार तर 10 मीटर चढेल. कॅलिफोर्नियातला सर्वांत उंच रेडवूड वृक्ष 116 मीटरच्या आसपास आहे, आणि अशा झाडांच्या शेंड्याजवळ नळीतल्या पाण्यावरचा ताण सुमारे 18 वातावरणांइतका असल्याचं मोजमापांत दिसलं आहे.

आता मरणाचा हिशेब लागतो. जिवंत पेशीला पातळ पटल असतं आणि ते आतल्या दाबाने भिंतीला चिकटून राहतं. आत ताण आला तर पटल भिंतीपासून सुटेल. शिवाय प्रत्येक पेशीचं पटल ओलांडून पाणी न्यायचं, तर वाटेत हजारो अडथळे उभे राहतील. आतलं सगळं काढून टाकलेली, पण भिंत आतल्या खेचीने चेपू नये म्हणून कड्या घातलेली नळी, हाच इथे उपाय.

आपल्या जगदीशचंद्र बोसांना मात्र हा निव्वळ यांत्रिक खुलासा पटला नाही. 1923 साली ‘फिजिऑलॉजी ऑफ द असेंट ऑफ सॅप’ या पुस्तकात त्यांनी प्रतिपादन केलं, की सालीच्या आतल्या एका थरातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि पाणी वर ढकलतात. वनस्पती आणि प्राणी यांच्यात भेद नाही, हा त्यांचा ध्यास होता आणि झाडातही हृदय शोधायला त्याच ध्यासाने त्यांना लावलं. वनस्पतींच्या विद्युत-संदेशांबद्दल ते काळाच्या पुढे होते. या एका बाबतीत पुरावा त्यांच्या विरोधात गेला. माझ्या मते त्यांनी साम्य शोधलं ते चुकीच्या जागी. झाडाला हृदय नाही, पण वाहक पेशी रिकाम्या करण्याची युक्ती झाडात आणि आपल्यात खरोखरच सारखी आहे.

ताणाखालच्या पाण्याला एक भय असतं: बुडबुडा. नळीत हवा शिरली की पाण्याचा धागा तुटतो आणि ती नळी बाद होते. असे धागे तुटताना होणारे बारीक टकटक आवाज संवेदनशील यंत्रांनी टिपता येतात. शेजारच्या नळ्यांशी जोडणाऱ्या खाचांत पातळ पडदे असतात. त्यांतून पाणी जातं, बुडबुडा सहसा जात नाही. नळी जितकी रुंद तितका प्रवाह जास्त, आणि तोही किती? व्यास दुप्पट केला तर प्रवाह सोळापट. हा नियम काढणारे फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांना झाडांशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते समजून घ्यायचं होतं. सागाच्या ओंडक्यावर दिसणारी मोठ्या छिद्रांची कडी पावसाळी वाढीच्या सुरुवातीची असते. पाणी भरपूर आणि नवी पानं पटापट वाढवायची, तेव्हा रुंद नळ्यांचा धोका पत्करण्यासारखा असतो. जुन्या नळ्या पुढे शेजारच्या पेशींच्या फुगवट्यांनी आणि साठलेल्या द्रव्यांनी बुजतात आणि गाभ्याचं काळपट लाकूड होतं. त्यातून पाणी जात नाही. म्हणून तर आतून पार पोखरलेली चिंच वर्षानुवर्षं हिरवी राहते, आणि भोवतीने साल सोललेलं धट्टंकट्टं झाड काही काळाने मरतं.

साल सोलल्यावर झाड का मरतं, हे पहिल्यांदा नीट पाहिलं मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याने, सतराव्या शतकात. त्याने खोडाभोवतीची सालीची कडी काढली. कडीच्या वरची बाजू फुगली, खालची नाही. पानांतून खाली येणारं काहीतरी तिथे अडलं होतं. लाकूड शाबूत, त्यामुळे पाणी वर जात राहिलं, पण मुळं उपाशी पडली. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत मणी लहान असताना खोडाची काही मिलिमीटर रुंद साल कडीसारखी काढतात, त्याला सगळे ‘गर्डलिंग’च म्हणतात. तो माल्पिघीचाच प्रयोग, फक्त थोड्या दिवसांसाठी केलेला. साखर खाली मुळांकडे न जाता घडांकडे राहते, मणी फुगतो आणि दरम्यान जखम भरून येते. कडी रुंद झाली आणि भरलीच नाही, तर वेलीचं नुकसान ठरलेलं.

सालीत असते ती रसवाहिनी. तिच्या पेशींच्या आडव्या भिंतींना चाळणीसारखी भोकं असतात, म्हणून चाळणी-नलिका हे नाव. इथे पाण्यासारखी खेच नाही, दाब असतो. पानाजवळ साखर नलिकेत भरली जाते, तिच्यामागे परासरणाने पाणी आत शिरतं आणि दाब चढतो. फळाकडे किंवा मुळाकडे साखर काढून घेतली जाते, तिथे दाब उतरतो. या फरकाने रस वाहतो. जर्मन वनशास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये हा खुलासा मांडला. वेग ताशी अर्धा ते एक मीटर, म्हणजे विसरणाने ज्याला तीन दशकं लागली असती ते काम तास-दोन तासांत.

हा दाब खरा आहे याची साक्ष मावा देतो. मावा आपली सुईसारखी सोंड नेमकी एका चाळणी-नलिकेत घुसवतो. केनेडी आणि मिटलर यांनी 1953 मध्ये मावा सोंडेपासून कापून वेगळा केला आणि सोंड तशीच रोवलेली ठेवली. किडा नसतानाही सोंडेच्या टोकातून रस तासन् तास झिरपत राहिला. म्हणजे माव्याला ओढून प्यावंच लागत नाही, झाडच त्याला पाजतं. पोटात मावत नाही इतकं पाजतं, आणि जादा साखर मागून बाहेर पडते. रब्बीच्या जोंधळ्यावर मावा पडला की पानं चकाकतात, हाताला चिकटतात आणि शेतकरी ‘चिकटा आला’ म्हणतात. तो चिकटपणा म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याकडे निघालेली साखर.

दाब धरायचा आणि साखर आत कोंडून ठेवायची, तर पटल शाबूत हवं. त्यामुळे इथे मरून चालत नाही. पण पेशीत पसारा असला तर रस वाहणार कसा? म्हणून ही पेशी मधला मार्ग काढते. केंद्रक जातं, मोठी रिक्तिका जाते, प्रथिनं बनवणारी रायबोसोम्स जातात. मोजक्या तंतुकणिका आणि पातळ जाळं भिंतीला लगटून उरतं. सूचना देणारं केंद्रक नाही, प्रथिनं करायची सोय नाही, मग जगायचं कसं? शेजारी असते सहपेशी. दोघी एकाच मातृपेशीतून जन्मलेल्या बहिणी. सहपेशीचं केंद्रक मोठं, तंतुकणिका भरपूर, आणि दोघींमधल्या भिंतीतल्या बारीक बोगद्यांतून ती बहिणीला हवं नको ते पुरवते.

या बहिणीच्या जिवावर किती दिवस काढता येतात? बऱ्याच झाडांत चाळणी-नलिका एखादा हंगाम चालते, मग सालीच्या आत नवी तयार होते. नारळाला ही सोय नाही. माडाच्या खोडात दरवर्षी नवा थर चढवणारी ऊती नसते. तेव्हा आज शेंड्यापासून उतरणारा रस कित्येक दशकांपूर्वी बनलेल्या, तेव्हापासून केंद्रकाविना जगत असलेल्या पेशींतून वाहत असतो. कोकणात, गोव्यात माडावर चढून न उमललेली पोय बांधतात, हलक्या हाताने ठोकतात आणि टोकाची चकती रोज कापतात. मडक्यात पडणारी नीरा म्हणजे हाच रस, त्यात साखर साधारण 15 टक्के. कापलेल्या जागी नलिका एरवी स्वतःला बुजवून घेतात. रोजचा नवा काप याचसाठी.

आता रक्ताकडे. रक्त हृदयातून निघून परत हृदयाकडे येतं, हे विल्यम हार्वी यांनी 1628 मध्ये मांडलं, पण धमनीतून शिरेत ते कुठून जातं, हे त्यांना दाखवता आलं नव्हतं. 1661 मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात त्या केशवाहिन्या ज्याने पाहिल्या, तो तोच, सालीची कडी काढणारा माल्पिघी. आणि 1733 मध्ये घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त काचेच्या नळीत 8 फूट 3 इंच चढल्याचं ज्यांनी छापलं, ते सूर्यफूल तोलणारे हेल्स. घोडीसाठी प्रयोग भयानक होता, पण रक्तदाबाचं ते पहिलं मोजमाप. झाडांच्या रसाचंही रक्तासारखं चक्र असेल, असं त्या काळी अनेकांना वाटे. हेल्स यांनी मोजून सांगितलं, की तसं चक्र नाही.

तांबडी पेशी तयार होते अस्थिमज्जेत, सेकंदाला वीस लाखांहून अधिक या गतीने. मधोमध एक मोठी भक्षक पेशी असते आणि तिला लगटून कोवळ्या तांबड्या पेशी वाढत असतात. हिमोग्लोबिन भरत जातं तसं केंद्रक आक्रसतं, एका कडेला सरकतं, पेशी त्याच्यामागे चिमटल्यासारखी आवळते आणि केंद्रक बाहेर पडतं. भक्षक पेशी ते लगेच गिळून टाकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत तंतुकणिका आणि रायबोसोम्सही जातात. उरते दोन्ही बाजूंनी खोलगट अशी 8 मायक्रोमीटर व्यासाची चकती, आत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू.

तंतुकणिका टाकण्यात शहाणपण आहे. ऑक्सिजन जाळून ऊर्जा मिळवायची ती त्यांतच. त्या नसल्यामुळे तांबडी पेशी ऑक्सिजनला हात न लावता ग्लुकोजच्या किण्वनासारख्या मोडणीवर गुजराण करते आणि माल आहे तसा पोचवते. केंद्रक टाकण्याचा फायदा लवचिकपणाचा. कित्येक केशवाहिन्या पेशीच्या व्यासापेक्षा अरुंद असतात, आणि प्लीहेतल्या फटी तर जेमतेम 1 मायक्रोमीटर रुंद. चकती घडी पडून त्यातून जाते. कडक गोळा असता तर अडकला असता. कोंबडी, मासा, बेडूक यांच्या तांबड्या पेशींत मात्र केंद्रक असतं आणि त्यांचं उत्तम चालतं. तेव्हा ही युक्ती आवश्यकच होती, असं म्हणता येणार नाही. सस्तन प्राण्यांनी ती वापरली, इतकंच.

माडाच्या चाळणी-नलिकेला सहपेशी असते, तांबडी पेशी मात्र एकटीच वाहत असते. झिजलेलं प्रथिन नवं करून द्यायला कुणी नाही. सुमारे 120 दिवसांत तिचं पटल ताठर होतं, प्लीहेच्या फटीतून ती निघत नाही आणि तिथेच मोडीत निघते.

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल हा आजार पुष्कळ आढळतो. त्यात हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन लांब तंतूंत गोठतं, पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते, केशवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. 120 दिवसांची पेशी 10 ते 20 दिवसांत संपते, म्हणून पंडुरोग. आता अशा पेशीतली चूक दुरुस्त करायची म्हटलं, तर तिच्यात दुरुस्त करायला जनुकच नाही. ते अस्थिमज्जेतच गिळलं गेलेलं असतं. म्हणून 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचार रक्तातल्या पेशींना हात लावत नाही. तो रुग्णाच्या मूलपेशी काढून घेतो आणि त्यांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बंद झालेलं उत्पादन पुन्हा सुरू करून त्या परत देतो. खर्च प्रचंड आहे. आपल्याकडच्या दवाखान्यांतून दिली जाणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही बऱ्याच अंशी असंच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, तेही मज्जेत अजून केंद्रक टाकायच्या असलेल्या पेशींमध्ये. रक्तात फिरत असलेल्या पेशींत तिला नवं हिमोग्लोबिन घडवता येत नाही. त्यामुळे पुरता गुण यायला काही महिने जातात, आणि बरं वाटत नाही म्हणून गोळी मध्येच सोडू नये, असं डॉक्टर बजावतात.